बिऱ्हाड बदलणारे व्यंजन

सामान्य प्रजेलाही लिहितावाचता यावे, म्हणून कोरियाच्या सेजोंग राजाने सिद्ध केलेली हांगुल लिपी १४४६ साली जाहीर झाली. तिची मूळ अक्षरे अवघी २४. परंतु ती सुटी न मांडता दोन-तीन मिळून एकेका अदृश्य चौकटीत बसवायची असतात. अशा ११,१७२ चौकटी संभवतात. इतक्या कळा कोठे मावणार? म्हणून डाव्या हाताखाली व्यंजने, उजव्या हाताखाली स्वर आणि जुळणी संगणकाकडे, अशी व्यवस्था तेथे रूढ झाली.

खरी पंचाईत पुढेच आहे. ह, आ, न या कळा दाबल्या की ‘हान’ ही एक चौकट उमटते. लगोलग पुन्हा आ दाबावा, तो न पहिले घर सोडून दुसऱ्यात जातो आणि होते ‘हाना’, म्हणजे ‘एक’! आपल्या देवनागरीत काना-वेलांटीने अक्षराचे रूप पालटते खरे, पण व्यंजन असे बिऱ्हाड हलवीत नाही.

तात्पर्य, शेवटची चौकट पुढची कळ दाबेपर्यंत कच्चीच असते. रोमन लिपीत वाढलेल्या आज्ञावलीकाराला हे सहजी सुचत नाही. कळ दाबली की अक्षर पक्के, असे त्याने धरले, की चौकटी जुळतच नाहीत. सुटी अक्षरे रांगेत उभी राहतात. मध्येच माउसने दुसरीकडे टिचकी मारावी, तर कच्ची चौकट नाहीशी होते किंवा भलतीकडे उमटते. कोरियन नावे बहुधा तीन चौकटींची. तिसरी गळाली, की अर्ज दुसऱ्याच कुणाचा होतो.