उघडं दार : मुलांना वळण लावताना

पांडेसऱ्यात मिलची पाळी बारा तासांची. बाप सकाळी सातला गेला की संध्याकाळी सातला घरी. आई घरकाम उरकून साडीवर टिकल्या लावत बसलेली. खोली एकच. नंदुरबार-नवापूरकडून इथे आलेल्या आपल्या कित्येक घरांत मुलांशी बोलायला मिळतो तो जेमतेम अर्धा तास, आणि तोही जातो उलटतपासणीत. "फोन दाखव. कुठे होतास? रविवारी चर्चला का नाही आलास?" प्रेम नसतं असं नाही, पण वेळ कमी असला की धाक सोपा पडतो.

मुलांना ऐकवायचं वचनही ठरलेलं : आईबापांच्या आज्ञेत राहा. ते इफिसकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायाच्या सुरुवातीलाच आहे. पण पौल तिथे थांबत नाही. चौथ्या वचनात तो बापांकडे वळतो आणि मुलांचा संताप होईल असं वागू नका, म्हणून बजावतो. कलस्सैकरांस लिहिताना तो कारणही देतो : मुलं खचून जातात. आपण मात्र बरेचदा अर्धंच वाचतो.

नियंत्रण म्हणजे मुलाचं सगळं आपणच ठरवायचं आणि भीती घालून पाळायला लावायचं. मार्गदर्शन म्हणजे आपण जवळ नसताना त्याला नीट ठरवता यावं, अशी त्याची तयारी करायची. आता सांगा, बारा तास घराबाहेर असणाऱ्या बापाला यातलं कोणतं परवडेल? धाक तर तो घरी असेपर्यंतच चालणार!

याचं एक मोठं उदाहरण आपल्याच भाषेच्या इतिहासात आहे. पंडिता रमाबाईंनी 11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदा सदन सुरू केलं. पुढच्या वर्षी ते पुण्याला गेलं. तिथल्या विधवा मुली हिंदू, रमाबाई ख्रिस्ती. कोणाच्या धर्मात ढवळाढवळ करायची नाही, असं ठरलेलं होतं. रमाबाई आपल्या खोलीत लेक मनोरमाबरोबर प्रार्थना करत, आणि खोलीचं दार उघडं असे. काही मुली आपणहून येऊन बसू लागल्या. रमाबाईंनी त्यांना बोलावलं नव्हतं, आणि हाकलायलाही त्या तयार नव्हत्या. वाद पेटला. 1893 मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूला झाले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

विरोध करणाऱ्यांचं म्हणणंही नीट ऐकायला हवं. ज्या बाईंच्या आधारावर मुली जगतात, तिचं नुसतं वागणंही दबाव ठरू शकतं, असं त्यांना वाटत होतं. ही शंका खोटी नव्हती. आईबापांच्या बाबतीत तर ती जास्तच खरी. मुलाचं जेवण, फी, छप्पर सगळं आपल्या हातात. म्हणून दार नुसतं उघडं ठेवून भागत नाही. मूल आत आलं नाही तरी आपली माया आटणार नाही, हे त्याला ठाऊक असावं लागतं. उधळ्या पुत्राच्या दाखल्यातला बाप वाटणी देतो, जाऊ देतो, आणि परतलेल्या मुलाची क्षमेची वाक्यं पुरी व्हायच्या आधीच त्याला मिठी मारतो.

मग घरात काय करायचं? नियम थोडे ठेवायचे आणि त्यामागचं कारण सांगायचं. फोन चोरून तपासण्यापेक्षा रात्री सगळ्यांचे फोन, बापाचासुद्धा, एकाच जागी चार्जिंगला लावायचे. बारावीनंतर काय करायचं, यावर आधी त्याला बोलू द्यायचं. आपलं चुकलं तर "चुकलं रे माझं" म्हणायचं. घरातली क्षमा मूल तिथूनच शिकतं. मात्र व्यसन, मारहाण, मशीनवर कोवळ्या वयात काम, अशा जिवावरच्या गोष्टींत ताबडतोब आडवं यायचं. ते नियंत्रण नव्हे, ती राखण आहे.

आणि आपण, कॉलेजात शिकणारी मुलं? बारा वर्षांचा येशू यरुशलेमच्या मंदिरात मागे राहिला. तीन दिवस शोधून दमलेल्या मरीयेला त्याने आपलं मन स्पष्ट सांगितलं, आणि मग तो त्यांच्याबरोबर नासरेथला परत गेला. मन मोकळं करणं आणि घराला धरून राहणं, दोन्ही जमतं. आज सात वाजता बाबा आले की त्यांनी विचारायची वाट न बघता आपणच बोलायला सुरुवात करू या. दार आतूनही उघडता येतं.