मारिस वेर्पाकोव्स्किस : लात्व्हियाचा गोलवीर, घरी आणि परदेशात

लात्व्हिया हा देश नकाशावर पटकन सापडत नाही. बाल्टिक समुद्राच्या काठी, वर एस्टोनिया, खाली लिथुएनिया आणि मधे हा. २००४ साली लोकसंख्या साधारण २३ लाख. त्यात लोकांचं पहिलं प्रेम आइस हॉकीवर! तरीही त्या वर्षी हा देश युरो फुटबॉल स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोहोचला. तिथवर त्याला नेण्यात सर्वात मोठा वाटा मारिस वेर्पाकोव्स्किसचा.

(आडनाव वाचताना मुलं अडखळतील. लात्व्हियन भाषेत पुरुषांच्या नावाला शेवटी बहुतेक वेळा 'स' लागतो. एवढं सांगितलं की नाव सोपं होतं.)

मारिसचा जन्म १९७९ चा, लिएपाया या बंदराच्या गावातला. तेव्हा लात्व्हिया सोव्हिएत संघात होता. १९९१ मध्ये देश पुन्हा स्वतंत्र झाला, तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. गावच्या क्लबमध्ये घडून तो राजधानी रीगाच्या स्कोन्टो संघात गेला. उंचीने फार नाही, पण पळायला लागला की बचावपटू मागे पडायचे.

२००३ चा शरद ऋतू त्याचाच म्हणावा लागेल. ऑक्टोबरमध्ये स्वीडनला त्यांच्याच मैदानावर १-० हरवलं, गोल मारिसचा. मग प्लेऑफमध्ये समोर तुर्कस्तान, म्हणजे २००२ च्या विश्वचषकात तिसरा आलेला संघ. रीगात १-० असा विजय, गोल पुन्हा त्याचाच. इस्तंबूलमध्ये मात्र तुर्कस्तान २-० पुढे गेला. सगळं संपलं असंच कुणालाही वाटलं असतं. आधी लायझान्सने एक गोल फेडला, मग मारिसने दुसरा. सामना २-२ सुटला आणि लात्व्हिया पोर्तुगालला निघाला! बाल्टिक देशांपैकी तिथवर पोहोचलेला हा एकमेव संघ.

पोर्तुगालमध्ये पहिल्याच सामन्यात बलाढ्य चेक संघाविरुद्ध हाफटाइमच्या तोंडावर त्याने गोल केला. शेवटी १-२ ने हार झाली, पण पुढच्या सामन्यात जर्मनीला ०-० रोखलं. नेदरलँड्सने ०-३ हरवलं आणि एका गुणावर संघ घरी परतला.

आता दुसरी बाजू. आपण खेळाडूचं मोजमाप 'परदेशात किती चमकला' यावर करतो, आणि तिथे मारिसची कहाणी तशी खडतरच. २००४ च्या सुरुवातीला तो युक्रेनच्या डायनामो कीव्हमध्ये गेला. चॅम्पियन्स लीगमध्ये रेआल माद्रिदविरुद्ध त्याने गोलही केला. पण जागा कायमची पक्की झाली नाही. क्लब त्याला लोनवर, म्हणजे उसना म्हणून, देत राहिला : स्पेनचा खेताफे, क्रोएशियाचा हायदुक स्प्लिट, पुन्हा स्पेनचा सेल्टा व्हिगो. नंतर ग्रीसचा एर्गोटेलिस, अझरबैजानचा बाकू. दर वेळी नवी भाषा, नवे सहकारी, नवा प्रशिक्षक. एखाद्या मुलाची दरवर्षी शाळा बदलली तर काय होतं, ते आपल्याला ठाऊक आहेच.

मात्र देशाचा शर्ट अंगावर आला की तो तोच मारिस असायचा. १०४ सामने, २९ गोल. लात्व्हियासाठी एवढे गोल दुसऱ्या कुणाचेच नाहीत. ज्याला मोठ्या क्लबांनी फिरतं ठेवलं, त्याच्यावर एका देशाची सगळी आशा होती. माझ्या मते त्याची खरी ओळख इथे आहे.

शेवटी तो लिएपायाला परतला. तिथला क्लब गावातल्या पोलाद कारखान्याच्या पैशावर चालायचा. २०१३ मध्ये कारखाना दिवाळखोरीत गेला आणि क्लबही बंद पडला. २०१४ मध्ये गावात 'एफके लिएपाया' नावाने नवा क्लब उभा राहिला. मारिस त्यात खेळला आणि पुढे त्याचा अध्यक्षही झाला. या नव्या क्लबने दुसऱ्याच हंगामात, २०१५ साली, लीग जिंकली.