एन्जॉय म्हणजे काय?

एन्जॉय हा शब्द आता आपल्या गावात सगळेच बोलतात. लग्नात डीजे लागला की मामा म्हणतो, एन्जॉय करा. मोबाईलवर मेसेज येतो, हॅपी दिवाळी, एन्जॉय. माझी आज्जी त्याला एंजाय म्हणते. पण तो नीट वापरायचा कसा हे मला वेरूळच्या सहलीनंतर कळले.

सहलीवर इंग्रजीत पाच वाक्ये लिहून आणायची होती. मी पहिले लिहिले, "आय एन्जॉइड." बाईंनी पुढे लाल पेनाने प्रश्नचिन्ह काढले आणि विचारले, "काय एन्जॉय केलंस?" मी म्हणालो, "एन्जॉय केलं." बाई म्हणाल्या, "अरे पण काय?"

मग त्यांनी फळ्यावर समजावले. मराठीत "मजा आली" एवढे म्हटले तरी वाक्य पुरे होते. इंग्रजीत तसे चालत नाही. कशाची मजा घेतली ते पुढे सांगावे लागते. "आय एन्जॉइड द ट्रिप" म्हणजे मला सहलीत मजा आली. नुसतीच मजा केली असेल तर "आय एन्जॉइड मायसेल्फ" म्हणतात. मायसेल्फ म्हणजे मी स्वतः. हे मला गमतीचे वाटले, स्वतःलाच कसे एन्जॉय करणार! दुसऱ्याला "एन्जॉय!" असे एकटे म्हणतात, ते चालते. तेव्हा कशाची मजा ते समोरच्याला कळलेले असते. आणखी एक. "पोहायला आवडते" हे सांगताना "एन्जॉय टू स्विम" लिहू नये, "एन्जॉय स्विमिंग" लिहावे. हे माझे तीनदा चुकले.

एन्जॉय या शब्दात जॉय लपलेला आहे. जॉय म्हणजे आनंद. हा शब्द जुन्या फ्रेंच भाषेतून इंग्रजीत आला, आणि त्याचे मूळ लॅटिनमध्ये आहे. आपला मजा हा शब्दसुद्धा बाहेरून आला आहे, फारसीतून. फारसीत मजा म्हणजे चव. मौज अरबीतून आली, तिकडे मौज म्हणजे पाण्याची लाट. हे ऐकून आज्जी म्हणली, "मंग आपलं काय हाय?" मी म्हणालो, आनंद. तो संस्कृतातला आहे.

या शब्दाला दुसरा अर्थही आहे. बाईंनी वाक्य दिले, "माय ग्रँडमदर एन्जॉइज गुड हेल्थ." मी अर्थ केला, माझी आज्जी तब्येतीची मजा घेते. सगळा वर्ग हसला. खरा अर्थ, माझ्या आज्जीची तब्येत चांगली आहे. म्हणजे चांगली गोष्ट आपल्याला लाभलेली असली तरी एन्जॉय म्हणतात. हक्क असला तरी म्हणतात. पण आमच्या आज्जीचे गुडघे दुखतात, म्हणून ते वाक्य मी माझ्या वहीत लिहिले नाही.

असे शब्द आपल्याकडेही असतात. आमच्या घरचा एक कोयता ऊसतोडीला गेला आहे. शहरातल्या माणसाला वाटेल कोयता म्हणजे फक्त अवजार. पण टोळीत एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. म्हणजे माझे आई-दादा.

आता माझी दुरुस्त केलेली वाक्ये मराठीत सांगतो. मी कैलास लेणे एन्जॉय केले. ते 16 नंबरचे आहे आणि एकाच खडकात वरून खाली, म्हणजे आधी कळस मग पाया, असे कोरलेले आहे. मी आज्जीने दिलेली भाकरी आणि ठेचा एन्जॉय केला. जाताना गाडी एन्जॉय केली नाही, कारण मला दोनदा उलटी झाली. सगळ्या पोरांच्या आया गाडी सुटताना हात करत होत्या, ते मी एन्जॉय केले नाही. पाचवे वाक्य राहिले होते, तेवढ्यात तास झाला.

त्याच रात्री कारखान्यावरून आईचा फोन आला. तिने विचारले, "सहलीत एन्जॉय केलंस का रे?" हा शब्द तिला तिकडे कोपीवर कुणाकडून तरी कळला असेल. मी "हो" म्हणालो. काय काय ते सांगणार होतो, पण रेंज गेली. आईला सावकाश वाचता येते. कारखाना बंद झाला की ती येईल, तोपर्यंत हा कागद काढू नका असे मी बाईंना सांगितले आहे.

इयत्ता चौथी