दोघांची सायकल घेताना

कापड घेताना आम्ही आधी वीण पाहतो, मग रंग. दोघांनी चालवायची टँडम सायकलही तशीच पारखावी. हँडल, ब्रेक, गिअर सहसा पुढच्याच्या हाती. म्हणून तिथे अनुभवी माणूस बसावा. पॅरालिम्पिकमध्ये अंध खेळाडू मागे बसूनच शर्यत धावतात. घरातल्या अंध भावालाही अशी सायकल चालवता येते. बहुतेक टँडममध्ये दोन्ही पायडल एका साखळीने जोडलेले असतात. एकाचा पाय थांबला की दुसऱ्याचाही थांबतो. दोन्ही सीट आपापल्या उंचीला जुळतात का, बसूनच पाहावे. वजन दोघांचे, तेव्हा चाकाला किमान ३६ स्पोक हवेत. रंगावर भुलून ब्रेकमध्ये काटकसर करू नये. उतारावर दोन जीव त्यावरच असतात. पैसे मोजण्याआधी दोघांनी मिळून एक फेरी जरूर मारावी.