भरतीने वसवलेले गाव

रत्नागिरीच्या माणसाला चिपळूण पाहिलेस का असे विचारले, तर तो हसून म्हणेल, "पाहायचे काय त्यात? मुंबईला जाताना लागतेच की!" मीही परवापरवापर्यंत असेच म्हणत असे. हातखंबा, संगमेश्वर, सावर्डे करीत एस.टी. चिपळूणच्या स्थानकात शिरायची, दहा मिनिटे थांबायची, मी वडापाव घ्यायची आणि गाडी पुढे परशुरामाचा घाट चढू लागायची. नव्वद किलोमीटरवरचे हे गाव मी निदान वीस वेळा ओलांडले असेन, पण पाहिले एकदाही नव्हते.

गेल्या जुलैत मावशीकडे चार दिवस राहण्याचा योग आला. निघण्यापूर्वी भूगोलाच्या सरांना सांगितले, तेव्हा ते म्हणाले, "खोऱ्यातले गाव पाहायचे असेल तर आधी वर चढावे आणि मग खाली उतरावे. आणि एक प्रश्न मनात धरून जा. चिपळूण बुडते हे सगळ्यांना ठाऊक आहे. बुडणाऱ्या जागी बाजार का वसला, हे विचारून ये." त्या प्रश्नाचे जे उत्तर मला सापडले, तेच या लेखात मांडण्याचा प्रयत्न आहे.

सरांच्या सांगण्याप्रमाणे पहिल्याच दिवशी काकांबरोबर परशुरामाच्या डोंगरावर गेले. देवदर्शन झाल्यावर विसावा पॉइंटपाशी उभे राहिलो. पाऊस नुकताच उघडला होता. पूर्वेला सह्याद्रीची भिंत ढगात डोके खुपसून उभी होती. तिच्या कुशीतून वाशिष्ठी नदी वळणे घेत येत होती. मध्ये चिपळूणची घरे, आणि पश्चिमेला गोवळकोटचा गोविंदगड ओलांडून नदीची रुंद होत गेलेली खाडी, जी पुढे दाभोळ-अंजनवेलपाशी समुद्राला मिळते. तिन्ही बाजूंनी डोंगर आणि चौथ्या बाजूला समुद्राचे दार, असे हे खोरे आहे.

परशुरामाने बाण मारून समुद्र मागे हटवला आणि कोकण निर्माण केले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. तिथे उभे असताना माझ्या मनात आले, की समुद्र हटला खरा, पण दिवसातून दोनदा तो खाडीच्या वाटेने येऊन आपली जुनी जागा पाहून जातो. ही नुसती कल्पना नव्हे. भरतीचे पाणी खरोखरच चिपळूणच्या वेशीपर्यंत चढते. बाजारपेठ समुद्रसपाटीपासून मोजकेच मीटर उंच आहे. डोंगरात वसलेले वाटणारे हे गाव उंचीच्या हिशेबाने जवळजवळ किनाऱ्यावरचेच आहे.

सरांच्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या दिवशी गोवळकोटच्या धक्क्यावर मिळाले. रस्ते आणि रेल्वे नव्हती त्या काळी कोकणचा सगळा माल गलबतांतून जाई. जड गलबत प्रवाहाविरुद्ध नदीत वर नेणे अवघड, पण भरती लागली की पाणीच त्याला वर ढकलते. भरतीबरोबर आत यायचे, माल उतरायचा आणि ओहोटीबरोबर बाहेर पडायचे. गोवळकोटला उतरलेला माल बैलांच्या पाठीवरून कुंभार्ली घाटाने कऱ्हाडकडे जाई आणि देशावरचा माल त्याच वाटेने खाली येई. घाटाची वाट आणि खाडीची वाट जिथे मिळतात, तिथेच बाजार भरणार. तो डोंगरावर बसला असता तर कोरडा राहिला असता, पण मग तो बाजारच झाला नसता. तात्पर्य, आपल्या पूर्वजांनी जागा चुकीची निवडली नव्हती. त्यांनी भरती निवडली होती.

पण भरतीने वसवलेले हे गाव भरतीनेच बुडते काय? हा प्रश्न मी काकांना विचारला. काकांचे बाजारात किराणा मालाचे दुकान आहे. ते म्हणाले, "एकट्या भरतीने नाही बुडत, पोरी. आमच्याकडे तीन पाणी येतात. एकेक आले तर काही होत नाही. तिन्ही एकदम आली, की आम्ही माळ्यावर."

पहिले पाणी पावसाचे. अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीला अडतात आणि रिते होतात. डोंगरमाथा आणि चिपळूण यांत अंतर थोडे आणि उतार मोठा, म्हणून माथ्यावर पडलेले पाणी काही तासांतच शहराशी येते. वाशिष्ठीखेरीज शिव नदी तर शहराच्या मधूनच वाहते. डोंगरावरची झाडी कमी झाली, की पाण्याबरोबर मातीही येते. उतार संपतो तिथे, म्हणजे नेमकी चिपळूणपाशी, ती खाली बसते. अशा रीतीने पात्र उथळ होत जाते आणि नदीत बेटे तयार होतात.

दुसरे पाणी कोयनेचे. याविषयी आपल्याकडे मोठा गैरसमज आहे. 'कोयनेचे दरवाजे उघडले म्हणून चिपळूण बुडाले' असे सर्रास म्हटले जाते. वास्तविक धरणाच्या दरवाजांतून सोडलेले पाणी पूर्वेकडे, कऱ्हाडला कृष्णेत जाते. चिपळूणकडे येते ते वीज निर्माण केलेले पाणी. कोयनेच्या जलाशयातून ते सह्याद्रीच्या पोटातील बोगद्यांतून पश्चिमेकडे आणतात आणि पोफळीच्या भूमिगत वीजगृहांत जवळजवळ अर्धा किलोमीटर खाली सोडतात. तेथून ते कोळकेवाडीच्या धरणात साठते, अलोरे येथे पुन्हा वीज देते आणि मग कालव्याने वाशिष्ठीला मिळते. धरणाच्या पायथ्याचे वीजगृह धरून हा सारा प्रकल्प १,९६० मेगावॉटचा आहे. कृष्णा पाणीतंटा लवादाने कोयनेचे ६७.५ टीएमसी पाणी असे पश्चिमेकडे वळविण्यास मान्यता दिली. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. हे पाणी वर्षभर सारखे वाहिले असे धरले, तर सेकंदाला सुमारे २,१०० घनफूट होते. जे पाणी निसर्गाच्या मनात बंगालच्या उपसागराला जायचे होते, ते चिपळूणमार्गे अरबी समुद्राला मिळते!

उन्हाळ्यात हेच पाणी वरदान ठरते. कोकणातल्या इतर नद्या मे महिन्यात कोरड्या पडतात. वाशिष्ठी वाहत राहते आणि शहराची व कारखान्यांची तहान भागवते. पावसाळ्यात मात्र भरलेल्या नदीत त्याची भर किती पडते, त्याने किती फरक पडतो, यावर चिपळुणात आजही दोन पक्ष आहेत. वीज थांबवावी अशी मागणी महापुराच्या दिवशी होते. दुसरी बाजू म्हणते, मुसळधार पावसापुढे ते पाणी थोडेच असते.

तिसरे पाणी समुद्राचे. भरती काही स्वतः शहर बुडवीत नाही. ती फक्त दार लावून घेते. खाडीत पाणी चढलेले असले, की नदीच्या पाण्याला बाहेर पडायला उतार उरत नाही, आणि मग ते आडवे पसरते. अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते, तेव्हा हे दार अधिक घट्ट लागते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, म्हणजे सौम्य.

भरतीची वेळ काढण्याची युक्ती मावशीने शिकवली. तिथीची पाऊणपट करायची, की भरतीचा तास मिळतो. चतुर्थी असेल तर तीन, अष्टमीला सहा. ही वेळ समुद्राकाठची, खाडीतून चिपळूणपर्यंत यायला तिला आणखी वेळ लागतो. "अगो, कालनिर्णय काय सणांसाठीच बघायचा?" असे म्हणत तिने मला भिंतीवरचे कॅलेंडर दाखवले. जुलैच्या पानावर उधाणाच्या दिवसांभोवती पेन्सिलीने गोल केलेले होते.

२२ जुलै २०२१ रोजी तिन्ही पाणी एकत्र आली. त्या वर्षी २० जुलैला आषाढी एकादशी होती, म्हणजे २२ ला त्रयोदशी, पौर्णिमेला दोनच दिवस उरलेले. तेराची पाऊणपट पावणेदहा. रात्रभर घाटमाथ्यावर पाऊस कोसळत होता. महाबळेश्वरला तर चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर नोंदला गेला. पहाटे शहरात पाणी शिरले आणि ते ओसरायच्या वेळी खाली भरती लागली होती. वाशिष्ठीच्या पुलाशी पाणी धोक्याच्या वर गेल्याने कोकण रेल्वेच्या गाड्या थांबल्या. वीज गेली, फोन गेले, माणसे माळ्यावर आणि गच्चीवर अडकून पडली.

काकांच्या दुकानात दोन खुणा आहेत. खालची २६ जुलै २००५ ची. त्या पुरानंतर काकांनी सगळ्या फळ्या त्या खुणेच्या वर हातभर चढवून घेतल्या होत्या. "यापेक्षा जास्त काय येणार, असे वाटले," ते म्हणाले. दुसरी खूण २०२१ ची. ती पाहायला मला मान वर करावी लागली. फळ्या त्या खुणेच्या पार खाली होत्या. मागच्या पुराने शिकवलेला धडा पुढच्या पुराला पुरत नाही, हे त्या भिंतीवर वाचता येते.

आपणा विद्यार्थ्यांना अधिक जवळची एक गोष्ट सांगते. चिपळूणचे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ पासून चालू आहे. २०१३ साली शहराने शहाऐंशीवे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरवले, त्यामागे याच वाचन मंदिराचे बळ होते. २०२१ च्या पुरात त्याची हजारो पुस्तके चिखलात गेली. किराणा माल पुन्हा भरता येतो. जे पुस्तक पुन्हा छापले जात नाही, ते एकदा भिजले की संपते. तरीही वाचन मंदिर पुन्हा उभे राहिले. मी गेले तेव्हा आत वाचक बसलेले होते.

मग उपाय काय? डिसेंबर २०२१ मध्ये नागरिकांनी नदीतील गाळासाठी साखळी उपोषण केले आणि त्यानंतर गाळ काढण्याचे काम हाती घेण्यात आले. पाटबंधारे खात्याने पूररेषाही आखल्या. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. कागदावर त्या योग्यच आहेत. पण निळ्या रेषेच्या आत नवे बांधकाम नाही असे म्हटले, की काकांसारख्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी येते. सारा बाजारच रेषेच्या आत! उचलून न्यायचा कुठे?

हा पेच केवळ चिपळूणचा नाही. वर्गात सरांनी उत्तर थायलंडमधील चिआंग माई या शहराचे उदाहरण दिले होते. तेही डोंगरांनी वेढलेल्या खोऱ्यातले. राजा मंगराय याने १२९६ साली पिंग नदीच्या खोऱ्यात ते वसवले. तटबंदीचे जुने शहर नदीपासून थोडे दूर, पण व्यापारी वस्ती नदीकाठी वाढली, आणि २०२४ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात पिंगचे पाणी तिथल्या बाजारांत शिरले. मात्र ते शहर समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर, सुमारे तीनशे मीटर उंचीवर. तिथे एकच पाणी वरून येते आणि खाली निघून जाते. आपल्याकडे खालचे दारही वेळापत्रकाप्रमाणे बंद होते. म्हणून दुसऱ्या खोऱ्याचा उपाय जसाच्या तसा आणून चालणार नाही. इथे पाऊस, वीजगृह आणि भरती ही तीन वेळापत्रके एकाच कागदावर मांडून, नागरिकांना आधी काही तास सावध करणे, हे मला सर्वांत निकडीचे वाटते. गाळ तर काढायलाच हवा, आणि वरची झाडी राखली नाही तर काढलेला गाळ पुन्हा येणारच.

निघायच्या आदल्या रात्री काकांना विचारले, "काका, वरच्या बाजूला जागा घेऊन दुकान तिकडे का नेत नाही?" काका थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "घर नेले असते. घर कुठेही असते. दुकान गिऱ्हाइकाच्या वाटेवरच लागते. माझ्या आज्याने इथे मांडले, कारण धक्क्यावरून येणारी वाट इथूनच जात होती." ते उठले आणि दुकानाची आवराआवर करू लागले. मी मदतीला गेले. साखरेची पोती, तांदूळ, डाळी हे सगळे त्यांनी माझ्याकडून माळ्यावर चढवून घेतले. बाहेर पाऊस साधाच होता.

"आज काय आहे?" मी विचारले.

"आज काही नाही," मावशी आतून म्हणाली. "परवा अमावस्या."