पाठ्यवाचन आणि अवांतर वाचन : संतुलनाचा एक विचार

मराठी शालेय व्यवहारात नेमलेल्या पुस्तकाबाहेरील वाचनाला ‘अवांतर वाचन’ असे म्हटले जाते. ‘अवांतर’ म्हणजे मुख्य नसलेले, मधल्यामध्ये येणारे. या संज्ञेतच एक मूल्यनिर्णय दडलेला आहे. नेमलेले ते मुख्य आणि आवडीचे ते आनुषंगिक, ही उतरंड विद्यार्थी, पालक व शिक्षक सहसा न तपासता स्वीकारतात. मग दोहोंचा मेळ घालण्याचा प्रश्न केवळ वेळापत्रकाचा होऊन बसतो : अभ्यासाला किती तास आणि गोष्टीच्या पुस्तकाला किती. वस्तुतः येथील तणाव दोन प्रकारच्या पुस्तकांमधला नसून वाचनाच्या दोन रीतींमधला आहे. हे ध्यानात घेतल्याखेरीज संतुलनाचा विचार पुढे सरकत नाही.

वाचनाचे हे दोन प्रवाह मराठीत पूर्वीपासून वेगळे वाहत आले आहेत. एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यातील सरकारी शाळांसाठी क्रमिक पुस्तके तयार झाली. त्यांच्या भाषेवर मेजर थॉमस कँडी यांची देखरेख होती. शाळेबाहेर मुलांना वाचावयास काही हवे, या जाणिवेतून विनायक कोंडदेव ओक यांचे ‘बालबोध’ १८८१ मध्ये आणि वा. गो. आपटे यांचे ‘आनंद’ १९०६ मध्ये निघाले. हरिभाऊ आपटे यांनी १८९० मध्ये सुरू केलेल्या साप्ताहिकाचे तर नावच ‘करमणूक’ होते. आणि ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही स्त्रीजीवनाची दारुण कहाणी त्याच ‘करमणुकी’तून क्रमशः प्रसिद्ध झाली. आनंदासाठी केलेले वाचन हलकेच असते, हे समीकरण मराठीत शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच खोटे ठरले आहे. पुढे १९६७ मध्ये पाठ्यपुस्तक मंडळाची, म्हणजेच ‘बालभारती’ची स्थापना झाली आणि याच मंडळाने १९७१ पासून ‘किशोर’ मासिक चालविले. पाठ्यपुस्तक एकट्याने पुरे पडत नाही, याची ही संस्थात्मक पातळीवरील कबुलीच मानावी लागेल.

तथापि पाठ्यपुस्तक आणि आनंद यांचे मूलतः वैर आहे, असे समजणे चुकीचे होईल. ज्या घरांत शिकणारी पहिलीच पिढी असते, तेथे पुष्कळदा भाषेचे पाठ्यपुस्तक हेच घरातील एकमेव साहित्याचे पुस्तक असते. जूनमध्ये नवे पुस्तक हाती पडताच त्यातील गोष्टी वाचून संपविणारी, मोठ्या भावंडाच्या पुस्तकातील धडेही न सोडणारी मुले महाराष्ट्रात दुर्मिळ नाहीत. हे वाचन कोणी नेमून दिलेले नसते. तोच धडा सहामाही परीक्षेच्या सुमारास पुन्हा वाचला जातो, तेव्हा मात्र नजर रिकाम्या जागा, समानार्थी शब्द आणि ‘कोण कोणास म्हणाले’ यांच्या शोधात फिरते. पान तेच, वाचकही तोच. बदललेले असते ते वाचनाचे प्रयोजन.

लुईज रोझेनब्लॅट या अमेरिकन अभ्यासिकेने १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात या भेदाची सैद्धांतिक मांडणी केली आहे. वाचनानंतर काय हाती उरेल याकडे लक्ष ठेवून केलेले वाचन एका टोकाला, तर वाचत असताना मनात जे घडते त्यात रमणारे वाचन दुसऱ्या टोकाला असते. प्रत्यक्षातील वाचन या दोन टोकांच्या दरम्यान कोठेतरी घडत असते. परीक्षेचे दडपण वाढते तसतसा विद्यार्थी पहिल्या टोकाकडे ढकलला जातो. ‘गाईड’ आणि ‘अपेक्षित प्रश्नसंच’ ही या प्रक्रियेची अखेर होय. तेथे मूळ धडा न वाचताही उत्तर हाती पडते.

पाठ्यपुस्तकाची दुसरी मर्यादा त्याच्या रचनेतच आहे. ते कृती देत नाही, कृतीचा उतारा देते. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली ‘श्यामची आई’ बेचाळीस ‘रात्रीं’मध्ये विभागलेली आहे. प्रत्येक रात्री श्याम एक आठवण सांगतो. घराची ओढग्रस्त वाढत जाते आणि अखेरीस वाचक आईच्या मृत्यूपाशी येऊन पोहोचतो. यातील एखादीच रात्र धडा म्हणून समोर आली, तर तिचे तात्पर्य उरते. रात्रीमागून रात्र साचत जाणारे दुःख मात्र हरवते. विद्यार्थ्याला ही कृती केवळ संस्कारकथा वाटली, तर दोष त्याच्या संवेदनशीलतेचा म्हणता येणार नाही. महाविद्यालयीन पातळीवर संपूर्ण कादंबरी नेमली जाते, तरी प्रश्न सुटतोच असे नाही. भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’चा (१९६३) नायक पांडुरंग सांगवीकर पुण्यातील महाविद्यालयीन जीवनाचे पोकळपण अनुभवून, हात हलवीत गावी परततो. हीच कादंबरी अनेक विद्यापीठांत अभ्यासाला लागली आणि तिच्यातील परात्मतेवर टिपा लिहून विद्यार्थी उत्तीर्ण होऊ लागले. या विसंगतीतला विनोद कादंबरी रमून वाचणाऱ्यालाच जाणवेल.

असे असले तरी नेमलेल्या वाचनाची गरज नाकारता येत नाही. केवळ आवडीवर विसंबणारा वाचक पुष्कळदा ओळखीच्याच वाटेने फिरत राहतो. संतकाव्यातील जुनी भाषा, नवकवितेतील अपरिचित प्रतिमा, आपल्याहून वेगळ्या समाजस्तरातील आत्मकथन या गोष्टी बहुतेकांच्या वाट्याला प्रथम पाठ्यपुस्तकातूनच येतात. अभिनवगुप्ताने ‘सहृदय’ कोणास म्हणावे हे सांगताना, काव्याच्या अनुशीलनाने व अभ्यासाने ज्याचा मनरूपी आरसा स्वच्छ झाला आहे, असे त्याचे वर्णन केले आहे. येथे आस्वाद आणि अभ्यास एकमेकांचे विरोधक नाहीत. अभ्यास हीच आस्वादाची पूर्वतयारी आहे. मात्र या अभ्यासाचा अर्थ पुनःपुन्हा होणारा सहवास असा आहे. शालेय मराठीत तोच शब्द ‘उद्या दाखवायचे काम’ या अर्थाने रूढ झाला, हा अर्थसंकोच पुरेसा बोलका आहे.

संतुलनाचे प्रयत्न शासकीय पातळीवरही झाले आहेत. १५ ऑक्टोबर हा दिवस २०१५ पासून महाराष्ट्रात ‘वाचन प्रेरणा दिन’ म्हणून साजरा होतो. २०१८ साली आलेल्या दहावीच्या ‘कुमारभारती’त ‘स्थूलवाचन’ हा स्वतंत्र घटक आहे. सलग, ओघाने करावयाचे वाचन ही त्यामागील कल्पना स्वागतार्हच होय. परंतु त्यावरही प्रश्न आणि गुण आहेत. ज्याला गुण आहेत त्याची उत्तरे पाठ होतात, आणि स्थूलवाचनही पाहता पाहता सूक्ष्म तयारीचा विषय बनते.

यावरून काही दिशा सुचतात. धडा शिकवून होताच तो ज्या पुस्तकातून घेतला ते मूळ पुस्तक वर्गात फिरू द्यावे; त्यावर प्रश्न विचारू नयेत, सारांश मागू नये. ग्रंथालयाच्या तासाला केवळ वाचन व्हावे, आणि न आवडलेले पुस्तक अर्ध्यावर सोडण्याची मुभा असावी. उलट दिशेनेही वाट मोकळी ठेवावी : व्यक्तिचित्रण म्हणजे काय हे समजावून देताना विद्यार्थ्याने भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेचे उदाहरण दिले, तर ते तितकेच ग्राह्य धरावे. शिवाय संतुलन म्हणजे रोजची समान वाटणी नव्हे. परीक्षेच्या महिन्यात पारडे एकीकडे झुकणारच. सुटीत ते दुसरीकडे झुकते की नाही, हे पाहिले पाहिजे.

भाषाशिक्षणाचे यश मोजावयाचे झाल्यास गुणपत्रिका अपुरी आहे. शेवटची प्रश्नपत्रिका सोडविल्यानंतर विद्यार्थी आपण होऊन पुढले पुस्तक उघडतो काय, हा खरा निकष होय. ज्या दिवशी कोणी काहीच नेमून देत नाही, त्या दिवशी होणाऱ्या वाचनाला ‘अवांतर’ म्हणणे कितपत योग्य आहे, याचाही विचार मराठीच्या अध्यापकांनी करावयास हवा.