साक्ष कोणत्या मसुद्यावर?

कायद्याचा मसुदा प्रसिद्ध करून लोकांचीं मतें मागविणें ही स्तुत्य चाल होय. परंतु मत देणाऱ्याचे हातीं असलेला मसुदा व अखेर मंजूर होणारा मसुदा हे एकच असतात काय, हें फारच थोडे लोक पाहतात.

शारदा कायद्याचेंच उदाहरण घ्या. हरबिलास शारदा यांनीं १९२७ सालीं मध्यवर्ती कायदेमंडळांत आणलेलें बिल केवळ हिंदूंपुरतें होतें. मुलीचें वय १२ व मुलाचें १५ यांहून कमी असल्यास विवाहच अवैध मानावा, अशी त्यांत योजना होती. सिलेक्ट कमिटीनें तें पार पालटलें. बिल सर्व समाजांस लागू झालें, वयें १४ व १८ झालीं; मात्र विवाह अवैध न ठरवितां तो लावणाऱ्यांस शिक्षा सांगितली. १९२८ सालीं नेमलेल्या सर मोरोपंत जोशी यांच्या कमिटीनें प्रांतोप्रांतीं फिरून स्त्रियांसुद्धां अनेकांच्या साक्षी घेतल्या. १९२९ च्या सप्टेंबरांत बिल मंजूर झालें व १ एप्रिल १९३० पासून कायदा अमलांत आला.

आतां विचार करा. ‘हा निर्बंध हिंदूंवरच कां?’ असा आक्षेप पहिल्या मसुद्यावर ज्यानें घेतला असेल, त्याचें समाधान दुसऱ्या मसुद्यानें झालें. त्यास विरोधकांत मोजणें अन्यायाचें. उलट, बालविवाह रद्दच होईल या भरंवशानें ज्यानें अनुकूल मत दिलें असेल, त्याची संमति नुसत्या दंडाच्या कलमास जोडणें हाही अन्यायच. हा भेद शब्दांचा नव्हे. बाप दंड भरून मोकळा होई. विवाह मात्र कायम राही, आणि दहा वर्षांची मुलगी सासरचीच राही.

व्यापारी वाचकांस निराळें सांगणें नको. रोजकीर्दींतील रकमेची खतावणी झाली नाहीं, तर कोणाचें किती देणें हें कळत नाहीं. साक्षीचेंही तसेंच आहे. प्रत्येक साक्षीवर मसुद्याची तारीख व कलम नमूद असावें. कलम बदलतांच त्यावरील साक्षी पुढें ठेवून कोणती मानली, कोणती नाकारली व कां, हें जाहीर व्हावें.

केंद्र सरकारनें २०१४ सालीं मसुदा किमान ३० दिवस लोकांपुढें ठेवण्याचें व आलेल्या मतांचा सारांश प्रसिद्ध करण्याचें धोरण ठरविलें. परंतु तें धोरण आहे, कायदा नव्हे. शिवाय तें बिल सभागृहांत येण्यापूर्वींचें आहे. पुढें समितींत कलमें फिरलीं, तर आधींच्या साक्षींचें काय?

तेव्हां जो नागरिक मत पाठवील, त्यानें आपल्या पत्राबरोबर त्या दिवशींचा मसुदाही जपून ठेवावा, आणि बिल मंजूर होण्यापूर्वीं दोन्ही घेऊन आपल्या प्रतिनिधीस जाब विचारावा. ज्या साक्षीचा पुढें कोणी माग ठेवीत नाहीं, ती घेतली काय आणि न घेतली काय, सारखेंच!